पावसाची सुट्टी नक्की कुणाला?



'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध आपण सगळ्यांनीच लहानपणी लिहिलाय, आणि शिक्षक झाल्यावर शेकड्यांनी तपासलाही आहे. त्यातली वाक्यं आपल्याला पाठ असतात. आकाशात काळे ढग जमतात, सोसाट्याचा वारा सुटतो, बाई वर्गात येऊन सांगतात की आज शाळेला सुट्टी. मग मुलं डबक्यात उड्या मारतात, कागदी होड्या सोडतात आणि घरी गेल्यावर आई गरमागरम कांदाभजी तळून देते. शेवटी 'असा हा पावसाळ्यातील दिवस मी कधीच विसरणार नाही' एवढं लिहिलं की दहापैकी सात गुण नक्की.

मी येरवड्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पुण्यातल्या त्या मोठ्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी, मी हाच विषय दिला होता. वह्या तपासताना एका मुलाच्या वहीपाशी थांबले. अक्षर नेहमीसारखं, चुका नेहमीसारख्या, आणि शेवटच्या परिच्छेदात भजी. हा मुलगा नदीकाठच्या वस्तीतला. जुलैतल्या त्या रात्री त्याच्या घरात पाणी शिरलं होतं हे मला माहीत होतं. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून विचारलं, "अरे, खरंच भजी केली होती का आईनं?"

तो म्हणाला, "नाही बाई, शेगडी पाण्यात होती. पण निबंधात तसंच लिहायचं असतं ना?"

मला काय बोलावं ते सुचेना. त्याला तसं लिहायला आम्हीच शिकवलं होतं.

आज त्याविषयीच थोडं लिहिते. माझं म्हणणं नुसत्या निबंधापुरतं नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी आपण शाळेला 'सुट्टी' देतो. ती नक्की कुणाला मिळते, कुणाला नाही, आणि त्या दिवशी शाळेचं दार बंद असावं की उघडं, याचा आपण शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा नीट विचार करायला हवा असं मला वाटतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. शिकवणं बंद ठेवा, पण दार उघडं ठेवा.

आधी आपला भाग समजून घेऊ. बाहेरच्या माणसाला येरवडा म्हटलं की तुरुंग आणि मनोरुग्णालय एवढंच आठवतं. पण येरवड्याचं खरं भूगोलाचं पान म्हणजे नदी. खडकवासल्याकडून मुठा येते, मुळशीकडून मुळा येते, मुळेला दापोडीजवळ पवनाही येऊन मिळते. संगम पुलापाशी मुळा आणि मुठा एक होतात आणि बंडगार्डनकडे जातात. दोन्हीकडून एकाच वेळी पाणी सोडलं गेलं की संगमाच्या आजूबाजूला पाणी फुगतं आणि काठाच्या वस्त्यांत घुसतं. शांतीनगर, इंदिरानगर ही नावं दर मोठ्या पुरात बातमीत येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आली, २०२४ च्या जुलैमध्ये पुन्हा आली. आमच्या वर्गातल्या मुलांना 'नदीच्या काठी वसलेली संस्कृती' हा धडा इतिहासात शिकवताना मला दरवेळी जरा ओशाळल्यासारखं होतं. त्यांना काठावर राहणं म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता २५ जुलै २०२४. वार गुरुवार. आदल्या रात्रभर पाऊस नुसता कोसळत होता. शिवाजीनगरच्या वेधशाळेत सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सुमारे ११४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुण्यासाठी जुलैतला हा आकडा फार मोठा. घाटमाथ्यावर तर याच्या कितीतरी पट पाऊस झाला. खडकवासल्यातून मुठेत सोडलं जाणारं पाणी वाढवत वाढवत सुमारे ३५,००० क्युसेकपर्यंत नेलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोक झोपेतून उठले तेव्हा वाहनतळात पाणी होतं, थोड्या वेळानं पहिल्या मजल्याच्या जिन्यात. लष्कराला बोलवावं लागलं. डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण कामगार गेले. वेळेवर सूचना मिळाली नाही, ही तक्रार त्यानंतर कितीतरी दिवस शहरभर ऐकू येत होती.

या दिवसातली माझी सकाळ सांगते. मी धानोरीला राहते. पाचच्या सुमारास फोन वाजायला लागला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालकांचे निरोप. "मॅडम शाळा आहे का?" "मॅडम, आज सुट्टी हाये म्हणतात, खरं का?" कुणीतरी एक पत्र पुढे पाठवलेलं, त्यावर जुनी तारीख. दुसऱ्यानं पाठवलेल्या पत्रावर दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव. (पावसाळ्यात खोट्या सुट्ट्यांचंही पीक येतं, हे आता आपल्या सगळ्यांना माहीत झालंय.) जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केल्याची खरी बातमी माझ्यापर्यंत पोचली तोवर मी रेनकोट चढवून खाली आले होते. तरीही निघाले. कारण एकच, ग्रुपवर वर्गातले सगळे पालक नव्हते. माझ्या वर्गात एक्केचाळीस मुलं, ग्रुपवर एकोणतीस नंबर. उरलेल्या बाराजणांच्या घरी एकच फोन, आणि तो वडिलांकडे. वडील रात्रपाळीचे वॉचमन, किंवा रिक्षा घेऊन बाहेर.

फाटकापाशी पाच मुलं उभी होती. दोन माझ्या वर्गातली, तीन खालच्या वर्गातली. दप्तरावर प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यावर गोणपाटाची खोळ, आणि पायात एकच चप्पल, दुसरी वाहून गेलेली. शिपाई काका अजून आले नव्हते. फाटकाला कुलूप.

"बाई, आज शाळा नाही?" एका मुलीनं विचारलं, आणि तिचा चेहरा पडला. सुट्टीचं ऐकून चेहरा पडलेलं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतर कळलं की तिच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आई पहाटेच सामान माळ्यावर चढवून कल्याणीनगरला कामावर गेली होती, आणि जाताना सांगून गेली होती, "शाळेत जाऊन बस, तिथं कोरडं असतं."

आईचा हिशोब अगदी बरोबर होता. चूक कुलपाची होती.

त्या आईलाही सुट्टी नव्हती, हेही इथे सांगायला हवं. ज्या सोसायट्यांत धुणीभांडी करतात तिथून सकाळी सातला निरोप येतो, "ताई, आज येणार ना?" साहेब-मॅडम घरून काम करणार, मुलांची शाळा बंद, म्हणजे भांडी रोजच्यापेक्षा जास्त. शहर अशा दिवशी कसं चालतं हे पाहायचं असेल तर मुलांच्या आईवडिलांकडे बघा. एकाचे वडील महापालिकेच्या ड्रेनेज विभागात, पावसाच्या दिवशी त्यांची ड्यूटी दुप्पट. दुसरीचे वडील पीएमपीचे चालक. तिसऱ्याचा मोठा भाऊ घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो. त्याच्या ॲपवर पाऊस पडला की ऑर्डरी वाढतात. वायरमन, परिचारिका, पोलीस, झाडूवाल्या मावशी, दूधवाले. घरी बसलेल्या माणसाला 'आज शहर ठप्प' असं वाटतं, पण त्याला घरी बसता यावं म्हणून निम्मं शहर भिजत असतं. आणि या भिजणाऱ्यांची मुलं त्या दिवशी कुठे असतात? घरी एकटी. आणि घर नदीकाठी.

शिपाई काका साडेसातला आले. आम्ही एक वर्ग उघडला. दुपारपर्यंत वस्तीतली कुटुंबंच गाठोडी घेऊन यायला लागली आणि बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकाव्या लागल्या. हे काही नवीन नाही. पूर आला की महापालिकेच्या शाळा निवारा केंद्र होतात, हे पुण्यात वर्षानुवर्षं चालत आलंय. मला गंमत वाटते ती याची. सकाळी सात वाजता मुलासाठी जी इमारत 'धोक्यामुळे बंद' असते, तीच दुपारी बारा वाजता त्याच्या अख्ख्या कुटुंबासाठी 'सुरक्षित जागा' ठरते. इमारत तीच, पाऊस तोच. मधल्या पाच तासांत ते मूल कुठे होतं, हे कुठल्याच कागदावर नसतं.

आता जेवणाबद्दल, कारण माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि आपण तो कधी बोलत नाही.

आपल्याकडे शाळेत मिळणारी खिचडी ही कुणाची मेहरबानी नाही. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो हक्क पक्का केला, २०१५ मध्ये नियम आले आणि आता योजनेचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते आठवीच्या मुलांना रोज एक गरम जेवण. पण नियमात तीन शब्द आहेत, 'शाळेच्या सुट्ट्या वगळून'. म्हणजे सुट्टी जाहीर झाली की त्या दिवशीचं जेवणही गेलं. ज्या दिवशी घरची चूल पाण्यात आहे, नेमक्या त्याच दिवशी.

तुम्ही म्हणाल, नियमाला काय करणार? पण आपल्याच राज्यात याला तोड निघालेली आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना हे जेवण मिळालं पाहिजे. त्यानंतर महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत मे महिन्यात शाळा बंद असताना खिचडी शिजली आहे. माझी एक मैत्रीण मराठवाड्यात शिक्षिका आहे, तिनं भर उन्हात हे काम केलंय. वैतागत केलंय, पण केलंय. मग पाणी नाही म्हणून जे करता येतं, ते पाणी जास्त झालं म्हणून का करता येऊ नये? दुष्काळाला महिने असतात आणि पुराला एक-दोन दिवस, एवढाच फरक. एक-दोन दिवसांचं तर उलट सोपं.

इथे थोडं लांबचं उदाहरण घेते. माझी चुलत बहीण न्यू जर्सीत राहते. तिकडे आपल्या पावसासारखा हिवाळ्यात बर्फाचा प्रश्न. कामाचा दिवस, आणि रात्रीतून अंगणात हातभर बर्फ. तिच्या मुलांना अशा दिवशी 'स्नो डे' मिळतो. ती सांगते, आदल्या रात्री किंवा पहाटे पाचच्या सुमारास शाळेकडून फोन, मेसेज आणि ईमेल, तिन्ही येतात. असे काही दिवस वर्षाच्या वेळापत्रकात आधीच धरलेले असतात. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढायचं काम घरमालकाचं. मुलं सुट्टी म्हणून नाचतात आणि तिच्या नवऱ्याच्या हातात फावडं. ऐकायला छान वाटतं. पण सगळं गोड नाही तिकडेही.

१३ फेब्रुवारी २०१४, योगायोगानं तोही गुरुवारच. न्यूयॉर्क शहरात मोठं हिमवादळ, तरीही महापौर बिल डी ब्लासिओ आणि शिक्षण खात्याच्या प्रमुख कार्मेन फारिन्या यांनी शाळा चालू ठेवल्या. पालक चिडले, शिक्षकांची संघटना चिडली, टीव्हीवरच्या हवामानवाल्यांनीही झोडपलं. पण त्यांनी बाजू मांडताना जे कारण दिलं ते मला विसरता येत नाही. शहरातल्या बऱ्याच मुलांना दिवसातलं एकमेव गरम जेवण शाळेत मिळतं, आणि आईवडील कामावर गेल्यावर त्यांना सांभाळायला घरी कुणी नसतं. जगातल्या इतक्या श्रीमंत शहरात हा विचार करावा लागतो! तिथल्या त्या दिवशीच्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत नाही. वादळात मुलांना आणि शिक्षकांना रस्त्यावर आणणं धोक्याचंच होतं. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता. आपण तो विचारतच नाही. 'सुट्टी द्या' आणि 'सुट्टी कशाला देता' एवढ्या दोनच बाजूंनी आपली भांडणं चालतात.

(भूगोल शिकवणाऱ्यांसाठी जाता जाता. साधारण दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला की एक सेंटिमीटर पाणी होतं. त्या हिशोबानं आपल्याकडचा ११४ मिलिमीटरचा पाऊस बर्फ होऊन पडला असता तर अंदाजे ११४ सेंटिमीटरचा थर झाला असता. सहावीतल्या मुलांना भिंतीवर ती उंची खडूनं दाखवा. माझ्या वर्गात सगळ्यात बुटका मुलगा त्या रेघेपाशी उभा राहिला आणि रेघ त्याच्या छातीच्या वर गेली.)

आता काही शिक्षकांच्या मनात जे येतंय ते मीच बोलते. आम्ही कसं यायचं? आमच्या घरात पाणी शिरत नाही का? शिक्षक काय आपत्ती व्यवस्थापनाचे कर्मचारी आहेत? निवडणूक, जनगणना, लसीकरण, सर्वेक्षण झालं, आता पूर पण आमच्याच माथी? हा राग खरा आहे आणि मलाही येतो. त्या दिवशी माझी स्कूटर गुंजन चौकात बंद पडली, ती ढकलत नेताना मी जे काही पुटपुटले ते इथे लिहिता येणार नाही. लोहगाव, वाघोली, हडपसरहून येणाऱ्या बाईंनी भर पावसात निघावं असं मी म्हणतच नाही. सगळा स्टाफ कशाला हवा? शाळेजवळ राहणारे दोघं, एक शिपाई आणि खिचडीवाल्या बचत गटाच्या ताई, एवढी माणसं एका शाळेला पुरतात. ती जूनमध्ये ठरवा, लेखी ठरवा, आणि त्यांना त्या दिवसाची बदली रजा द्या. अशी रजा कागदावर मिळाल्याशिवाय हे टिकणार नाही, कारण चांगुलपणावर चाललेली व्यवस्था दुसऱ्या वर्षी बंद पडते, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

आणि एक. ज्या मुलाचं घर कोरडं आहे, ज्याला सांभाळायला घरी माणूस आहे, त्यानं घरीच थांबावं. त्याच्यासाठी सुट्टीच बरोबर. रस्त्यावर उघडी चेंबरं असतात, पाण्यात पडलेल्या तारा असतात. डेक्कनच्या त्या तिघांची बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती, मुलं घाबरतील म्हणून टाळली नाही. दार उघडं ठेवायचं ते ज्यांना शाळेपर्यंतचा रस्ता घरापेक्षा सुरक्षित आहे त्यांच्यासाठी. अशी मुलं कोण, हे वर्गशिक्षकाला माहीत असतं. नसेल तर असायला हवं.

सुट्टीचा निर्णय आदल्या संध्याकाळी व्हायला हवा, हा पालकांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पाऊस कधीकधी खरंच रात्रीत वाढतो, दर वेळी आधी कळत नाही, हे समजू शकते. पण धरणं किती भरली आहेत हे आदल्या दिवशी माहीत असतं. यासाठी एक साधं गणित मुलांकडून करून घ्या, पालकांनाही दाखवा. खडकवासल्याची साठवण १.९७ टीएमसी, म्हणजे १९७ कोटी घनफूट. वरची पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून चारही धरणांची साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासला सगळ्यात लहान आणि सगळ्यात खाली. म्हणून ते लवकर भरतं आणि वरून येणारं पाणी धरून ठेवू शकत नाही, सोडावंच लागतं. ३५,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला ३५,००० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर. गुणाकार केला की दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर येतात. आमच्या वस्तीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, मुलांना तो माहीत आहे. म्हणजे दर सेकंदाला शंभर टँकर! वर्गात हे उत्तर आलं तेव्हा एकदम शांतता झाली. मग एकानं विचारलं, "बाई, मग धरण किती वेळात रिकामं होईल?" १९७ कोटी भागिले ३५,०००, उत्तर सुमारे ५६,००० सेकंद, म्हणजे पंधरा-सोळा तास. क्युसेक हा शब्द बातमीत रोज ऐकू येतो, पण त्याचा अर्थ घरात एकाला तरी कळला तर तो रात्री अकरा वाजता 'विसर्ग वाढवला' हे वाचून सामान वर चढवायला घेईल. सातवीतल्या मुलीनं आपल्या आजीला हे समजावून सांगितलं, असं मी स्वतः पाहिलंय. आजी म्हणाली, "आमच्या वेळी कुणी आकडा सांगत नव्हतं, पानशेतच्या वेळी नुसती पळापळ." पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१, तोही कामाचाच दिवस, बुधवार. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्या दिवसाच्या आठवणी अजून आहेत. मुलांना विचारायला लावा, निबंधापेक्षा जास्त मिळेल.

पालकांनाही एक विनंती. सोसायटीत राहणाऱ्या पालकांना विशेष. तुमच्या मुलाची शाळा पावसामुळे बंद झाली, तर तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाचीही बंद झालेली असते. त्या दिवशी त्यांना "आज येऊ नका, पगार कापणार नाही" एवढं आदल्या रात्री कळवलं तर एक मूल एकटं राहत नाही. याला कुठलाही शासन निर्णय लागत नाही.

आणि निबंधाचं म्हणाल तर मी विषय बदललेला नाही. फळ्यावर अजूनही 'पावसाळ्यातील एक दिवस' असंच लिहिते. फक्त खाली दोन ओळी जोडते, 'हा दिवस कोणता, वार कोणता ते लिहा. त्या दिवशी तुमच्या घरातलं कोण कामावर गेलं ते लिहा.' एवढ्यानंच वह्या बदलल्या. एका मुलानं लिहिलं की वडील रात्री कंबरभर पाण्यातून घरी आले आणि पहिल्यांदा खिशातून मोबाइल काढून तांदळाच्या डब्यात ठेवला. एका मुलीनं लिहिलं की शाळेच्या वर्गात झोपलो तेव्हा फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच होतं आणि तिच्या लहान भावानं ते चुकीचं सोडवलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. मोर एकाच्याही निबंधात नव्हता. आणि हो, भजी काही वह्यांत अजूनही होती. ज्यांच्या घरी खरंच झाली त्यांनी लिहिली, तीही छान होती. पाऊस आवडणं हा काही गुन्हा नाही.

गुण देताना मात्र अडचण आली. आपल्या तपासणीच्या पद्धतीत 'निसर्गवर्णन' आणि 'भाषासौंदर्य' याला गुण आहेत, खरं लिहिण्याला नाहीत. तांदळाच्या डब्यातल्या मोबाइलला मी कुठल्या रकान्यात गुण द्यायचे? शेवटी 'आशय' या रकान्यात पूर्ण दिले आणि खाली सही केली. कुणी विचारलं तर सांगेन.

ज्या मुलाच्या भजीपासून हे सगळं सुरू झालं तो आता पुढच्या वर्गात गेलाय. या जूनमध्ये मी वर्गाची यादी केली. कुणाचं घर कुठल्या गल्लीत, नदीपासून किती लांब, फोन कुणाकडे असतो, आणि दुसरा नंबर शेजाऱ्याचा. आमच्या मुख्याध्यापकांनी फाटकाची एक जास्तीची किल्ली शाळेसमोरच्या किराणा दुकानदाराकडे ठेवायला परवानगी दिलीय. बदली रजेचा अर्ज मात्र अजून वरती गेलेला आहे. उत्तर आलं की कळवते. तुमच्या शाळेत यातलं काही चालू असेल, किंवा करून पाहिलं आणि जमलं नसेल, तर तेही जरूर लिहा. न जमलेलं आधी लिहा, ते जास्त उपयोगी पडेल.